कोल्हापूर ते नागपूर विमानाने: अंतर किती, वेळ किती आणि दोन्ही स्वतः कसं काढायचं

आधी उत्तर देतो. कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ आणि नागपूरचा सोनेगावचा विमानतळ यांच्यातलं सरळ हवाई अंतर सुमारे ७०२ किलोमीटर, म्हणजे ३७९ नॉटिकल मैल आहे. छोटं जेट विमान असेल तर तिकिटावरचा वेळ साधारण एक तास वीस ते तीस मिनिटांचा असतो. पंख्याचं एटीआर विमान असेल तर तो पावणेदोन ते दोन तासांवर जातो. घरातून निघून नागपुरात मुक्कामी पोचेपर्यंत मात्र साडेचार ते पाच तास धरावे लागतात.

हे तीन आकडे तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि बहुतेक गोंधळ ती एकमेकांत मिसळल्यामुळे होतो. इंटरनेटवर 'दोन शहरांमधलं विमानाचं अंतर' शोधलं की एक किलोमीटरचा आणि एक वेळेचा आकडा मिळतो. अंतर बहुधा बरोबर असतं. वेळ मात्र अंतराला विमानाच्या वेगाने भागून काढलेला असतो, आणि लहान विमानतळांच्या बाबतीत तो हमखास कमी येतो. अधिवेशनासाठी, कोर्टाच्या तारखेसाठी, दीक्षाभूमीला किंवा उलट दिशेने अंबाबाईच्या दर्शनाला निघणाऱ्या माणसाला तसा आकडा उपयोगी नाही. म्हणून कोल्हापूर-नागपूर हे एकच उदाहरण घेऊन सगळा हिशेब पायरीपायरीने मांडतो. नांदेड-पुणे असो की जळगाव-गोवा, रीत हीच.

पायरी पहिली: विमानतळ नेमका कोणता, ते ठरवा

अंतर शहराचं नसतं, विमानतळाचं असतं. नाशिकचा विमानतळ नाशकात नाही, वीसेक किलोमीटरवर ओझरला आहे. शिर्डीचा काकडीला, सिंधुदुर्गचा चिपीला, अमरावतीचा बेलोऱ्याला. गोव्यात तर दाबोळी आणि मोपा असे दोन आहेत, आणि सावंतवाडी-बांद्याकडच्या माणसाला या दोहोंमधला फरक रस्त्याच्या वेळेत चांगलाच जाणवतो.

म्हणून शहराच्या नावावर न जाता तीन अक्षरी संकेत बघावा. कोल्हापूर केएलएच, नागपूर एनएजी. नाशिकचा आयएसके आणि छत्रपती संभाजीनगरचा आयएक्सयू हे संकेत शहराच्या नावावरून ओळखता येत नाहीत. दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स यांत तर एका अक्षराचाच फरक. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही प्रवाशांसाठी सुरू झाला, त्याचा संकेत एनएमआय. तिकिटावर नुसतं 'मुंबई' वाचून पुढे गेलात तर बीओएम आणि एनएमआय यांत गल्लत होईल. ती किती महागात पडते ते पुढे जोडविमानाच्या भागात येईल.

पायरी दुसरी: अक्षांश-रेखांश मिळवा

भारतीय विमानतळ प्राधिकरण हवाई माहितीचं अधिकृत प्रकाशन काढतं आणि ते इंटरनेटवर खुलं आहे. त्यात प्रत्येक विमानतळाचा संदर्भबिंदू अंश, मिनिटं आणि सेकंदांत दिलेला असतो. आपल्या कामाला मिनिटांपर्यंतची अचूकता पुरते:

कोल्हापूर: १६ अंश ४० मिनिटं उत्तर, ७४ अंश १७ मिनिटं पूर्व
नागपूर: २१ अंश ६ मिनिटं उत्तर, ७९ अंश ३ मिनिटं पूर्व

इथे एक सावधगिरी. १६ अंश ४० मिनिटं म्हणजे १६.४० नव्हे. एका अंशात ६० मिनिटं असतात, म्हणून दशांशात ते १६.६७ होतं. एवढ्याशा फरकाने उत्तर-दक्षिण अंतर तीस किलोमीटरने चुकतं. कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरताना सगळ्यांत जास्त चुका इथेच होतात.

पायरी तिसरी: कागदावर अंतर काढा

पृथ्वी गोल असल्याने दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग हा मोठ्या वर्तुळाचा कंस असतो, आणि तो काढायचं त्रिकोणमितीचं सूत्र थोडं लांबलचक आहे. हजारेक किलोमीटरच्या आतल्या अंतराला मात्र शाळेतलं पायथागोरस पुरतं. शिवाय नॉटिकल मैल हे एकक वापरलं तर हिशेब फारच सोपा होतो, कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजेच जवळजवळ एक नॉटिकल मैल, १.८५२ किलोमीटर.

अक्षांशांतला फरक: २१ अंश ६ मिनिटं वजा १६ अंश ४० मिनिटं, म्हणजे ४ अंश २६ मिनिटं, म्हणजे २६६ मिनिटं. नागपूर कोल्हापूरच्या २६६ नॉटिकल मैल उत्तरेला आहे.

रेखांशांतला फरक: ७९ अंश ३ मिनिटं वजा ७४ अंश १७ मिनिटं, म्हणजे ४ अंश ४६ मिनिटं, म्हणजे २८६ मिनिटं. पण रेखांश ध्रुवाकडे एकमेकांच्या जवळ येत जातात, म्हणून हा आकडा थेट मैल म्हणून घेता येत नाही. दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने त्याला गुणायचं. सरासरी अक्षांश १८.९ अंश, त्याचा कोसाइन ०.९४६. २८६ गुणिले ०.९४६ म्हणजे सुमारे २७०.

आता २६६ चा वर्ग अधिक २७० चा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ: ३७९ नॉटिकल मैल. १.८५२ ने गुणलं की ७०२ किलोमीटर. लांबलचक सूत्राने केलं तरी ७०२ च येतात. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्यामुळे पडणारा फरक अर्ध्या टक्क्याच्याही आत असतो, आपण त्याची चिंता करायची नाही.

दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या, याचा अर्थ नागपूर कोल्हापूरहून अगदी ईशान्येला आहे. ही दिशा लक्षात ठेवा, वाऱ्याच्या हिशेबात लागेल.

याच रीतीने मुंबई-नागपूर काढलं तर सुमारे ६८३ किलोमीटर येतात. म्हणजे राज्याची उपराजधानी मुंबईला जितकी दूर, त्याहून कोल्हापूरला जास्त दूर आहे, तीही सरळ रेषेत. जमिनीवरून तर हे अंतर फारच वाढतं, कारण कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस पुणे, मनमाड, भुसावळ असा वळसा घेऊन जाते आणि नागपूर गाठायला तिला चोवीस तासांहून जास्त लागतात. या दोन टोकांमध्ये विमानाची गरज किती खरी आहे, हे एवढ्यावरूनच कळावं.

पायरी चौथी: सरळ रेषेचा खरा मार्ग करा

विमान पट्टी लावल्यासारखं सरळ जात नाही. धावपट्टीची दिशा, ठरलेले हवाई मार्ग, लष्करी हवाई क्षेत्रं, ढगांच्या भिंती आणि उतरण्यासाठीची रांग, सगळ्यांमुळे वाट लांबते.

कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५ आहे, म्हणजे एक टोक ७० अंशांकडे, म्हणजे पूर्व-ईशान्येला, आणि दुसरं २५० अंशांकडे, पश्चिम-नैऋत्येला. विमान शक्यतो वाऱ्याला तोंड देऊन उडतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळे उड्डाण बऱ्याचदा पश्चिमेकडे तोंड करून होतं आणि मग वळसा घेऊन ईशान्येला यावं लागतं. पूर्वेकडे उड्डाण झालं तर हे वळण बरंचसं वाचतं. नागपूरची धावपट्टी १४/३२, आग्नेय-वायव्य. नैऋत्येहून येणारं विमान तिला जवळजवळ काटकोनात येतं, म्हणजे कोणत्याही टोकाने उतरायचं तरी शेवटी मोठं वळण आहेच.

यासाठी किती जोडायचं? आयकाओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटना, कार्बन उत्सर्जनाच्या हिशेबासाठी सरळ अंतरात ठरावीक भर घालते: ५५० किलोमीटरच्या आतल्या मार्गाला ५० किलोमीटर, ५५० ते ५,५०० पर्यंत १००, त्यापुढे १२५. कोल्हापूर-नागपूरला हा नियम लावला तर ८०२ किलोमीटर होतात. माझ्या मते गजबज नसलेल्या या मार्गाला चांगल्या दिवशी ५० किलोमीटर पुरतात, म्हणून पुढचा हिशेब ७५० किलोमीटरवर करतो. मुंबई किंवा बंगळूर एका टोकाला असेल तर मात्र पूर्ण भर घाला, तिथे आकाशात घिरट्या मारत थांबणं नेहमीचंच.

पायरी पाचवी: विमान कोणतं आहे ते बघा

हीच पायरी लोक गाळतात, आणि वेळ सगळ्यांत जास्त हिच्यावर अवलंबून आहे. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लहान अक्षरांत लिहिलेला असतो, तो वाचा.

लहान विमानतळांवर मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एटीआर ७२ हे पंख्याचं विमान, सत्तरेक प्रवाशांचं, ताशी साधारण ५०० किलोमीटर वेगाने जाणारं. ते २५ हजार फुटांच्या वर जात नाही, सहसा त्याच्याही बरंच खाली उडतं. दुसरं एम्ब्रेअर १७५ सारखं छोटं जेट, आसनं जवळपास तेवढीच, पण वेग ताशी ८०० च्या पुढे आणि उंचीही तीस हजार फुटांच्या वर. एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ यांचा वेग या जेटच्याच आसपासचा.

प्रवासाचे आता तुकडे पाडू. आकडे ठोकळ आहेत, वैमानिकाच्या हिशेबात ते वजन आणि तापमानाप्रमाणे बदलतील.

आधी जेट. वर चढायला सुमारे १९ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात १८५ किलोमीटर कापून होतात. खाली उतरायला सुमारे २१ मिनिटं आणि १९५ किलोमीटर. उतरण्याचं अंतर काढायला वैमानिकांचा एक जुना ठोकताळा आहे: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. तीस हजार फुटांवरून उतरायचं तर नव्वद मैल आधी सुरुवात, आणि वेग कमी करायला वर दहा-पंधरा मैल. उरले ७५० पैकी ३७० किलोमीटर. ताशी ८१५ च्या वेगाने त्याला २७ मिनिटं. एकूण हवेतला वेळ ६७ मिनिटं.

म्हणजे विमान खऱ्या अर्थाने पूर्ण वेगात असतं ते जेमतेम अर्धा तास. ७०२ भागिले ८१५ करून येणारी ५२ मिनिटं का चुकतात, ते इथे दिसतं.

एटीआर. चढायला १६ मिनिटं आणि ९५ किलोमीटर, उतरायला १७ मिनिटं आणि ११० किलोमीटर. मधले ५४५ किलोमीटर ताशी ५०० ने ६५ मिनिटांत. एकूण ९८ मिनिटं.

फरक ३१ मिनिटांचा. कोल्हापूर-मुंबईसारख्या ३०९ किलोमीटरच्या मार्गावर हा फरक पंधराएक मिनिटांवर येतो, कारण तिथे जेटला वेग घ्यायला जागाच उरत नाही. अंतर जितकं कमी, तितका जेटचा फायदा कमी. अशा जवळच्या मार्गांवर एटीआर वापरण्यामागचं कारण हेच, शिवाय त्याला इंधन कमी लागतं आणि धावपट्टी आखूड चालते. पंख्याचं विमान म्हणजे जुनाट, ही समजूत सोडून द्यावी.

पायरी सहावी: चाकं हलल्यापासून चाकं थांबेपर्यंत

तिकिटावरची सुटण्याची वेळ ही विमान जमीन सोडण्याची वेळ नसते. विमान उभ्या जागेवरून हलतं ती सुटण्याची वेळ, आणि दुसरीकडे ठरल्या जागी येऊन थांबतं ती पोचण्याची. या दोहोंमधल्या काळाला ब्लॉक टाइम म्हणतात. वेळापत्रक आणि प्रवाशांच्या हक्कांचे नियम हाच काळ धरतात.

त्यासाठी हवेतल्या वेळेत जमिनीवरचं चालणं जोडायचं. लहान विमानतळावर विमानांची गर्दी नसते, पण धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला जमिनीवरून चालायचा रस्ता, नसेल तर विमानाला धावपट्टीवरूनच टोकापर्यंत जाऊन तिथे वळावं लागतं, आणि तोवर दुसरं विमान उतरू शकत नाही. निघताना आठ आणि पोचल्यावर सहा मिनिटं धरू. जेटचा ब्लॉक टाइम ८१ मिनिटं, एटीआरचा ११२. त्यावर कंपन्या आपली पाच-दहा मिनिटं राखीव ठेवतात. वीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान कधीकधी वेळेवर पोचतं, ते या राखीव मिनिटांमुळे.

एवढा हिशेब नको असेल त्यांच्यासाठी ठोकताळा: जेट असेल तर सरळ अंतराला ८०० ने भागा आणि अर्धा तास जोडा. एटीआर असेल तर ५०० ने भागा आणि पंचवीस मिनिटं जोडा. आपल्या मार्गाला जेटची ८३ आणि एटीआरची १०९ मिनिटं येतात, म्हणजे तुकडे पाडून काढलेल्या आकड्याच्या अगदी जवळ. कोल्हापूर-हैदराबाद ४४५ किलोमीटर, एटीआरने ७८ मिनिटं, राखीव वेळ धरून दीड तासाच्या आत.

ताळा करायचा असेल तर फ्लाइटरडार२४ सारख्या संकेतस्थळावर त्या विमानक्रमांकाच्या मागच्या काही दिवसांच्या फेऱ्या बघता येतात. तिथला उड्डाणाचा वेळ हवेतला असतो, ब्लॉक टाइम नसतो, एवढं ध्यानात ठेवून तुलना करा. एकाच दिवसाची नोंद पाहून ठरवू नका, आठवडाभराच्या बघा.

वाऱ्याचं काय?

जाताना कमी वेळ आणि येताना जास्त, हे अनेकांनी अनुभवलेलं असतं. हिवाळ्यात आपल्याकडे उंचावर पश्चिमेचे वारे असतात. समजा तीस हजार फुटांवर ताशी ९० किलोमीटरचा पश्चिम वारा आहे. आपला मार्ग ईशान्येचा, वाऱ्याशी ४५ अंशांचा कोन, म्हणून त्यातला सुमारे ६४ चा वाटा पाठीमागून मिळतो. मधले ३७० किलोमीटर जाताना २५ मिनिटांत होतात, येताना ३० मिनिटांच्या जवळ जातात. फरक चारेक मिनिटांचा.

पावसाळ्यात चित्र उलटतं. जमिनीलगत नैऋत्य-पश्चिमेचा जोरदार वारा, पण १४-१५ किलोमीटर उंचीवर दक्षिण भारतावर पूर्वेकडून येणारा झोत. आपली विमानं त्याच्या खालून जातात, त्यामुळे त्याचा प्रभाव त्यांच्यापर्यंत थोडाच पोचतो.

सातशे किलोमीटरच्या प्रवासात वारा चार-पाच मिनिटं इकडे-तिकडे करतो, बस. मुंबई-कोलकाता असतं तर गोष्ट वेगळी. प्रादेशिक मार्गावर वाऱ्यापेक्षा हवामानाकडे लक्ष द्या. जुलैत कोल्हापूरवर खाली उतरलेले ढग, डिसेंबर-जानेवारीत नागपूरला पहाटेचं धुकं, मे महिन्यात विदर्भातलं तापमान. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात विमानाला उचल कमी मिळते. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे, तिथेही उन्हाळी दुपारी हा परिणाम वाढतो. अशा वेळी कंपनीला वजन कमी करावं लागू शकतं. शक्य असेल तर उन्हाळ्यात सकाळचं आणि धुक्याच्या दिवसांत उशिरा सकाळचं विमान निवडा.

पायरी सातवी: दारापासून दारापर्यंत

नियोजनासाठी खरा आकडा हा. सांगलीहून निघणाऱ्या प्रवाशाचं उदाहरण घेऊ. सांगली ते उजळाईवाडी रस्त्याने एक तास. विमान सुटण्याच्या दीड तास आधी पोचायचं, कारण देशांतर्गत विमानांचे चेक-इन काउंटर बहुधा ६० मिनिटं आधी बंद होतात आणि विमानाचं दार २५ मिनिटं आधी. ब्लॉक टाइम ८५ मिनिटं. उतरून सामान हातात यायला पंचवीस मिनिटं. सोनेगावहून सीताबर्डीपर्यंत अर्धा तास.

बेरीज २९० मिनिटं, म्हणजे चार तास पन्नास मिनिटं. यातला हवेतला वेळ एक तास सात मिनिटं, पावभागही नाही. म्हणून वेळ वाचवायचा असेल तर तो जमिनीवर वाचवायचा. घरूनच चेक-इन केलं आणि फक्त हातातलं सामान घेतलं तर दोन्ही टोकांना मिळून पाऊण तास सहज कमी होतो. एवढा वेळ एटीआरऐवजी जेट निवडूनही वाचत नाही. नागपूरला वर्धा रोडवर मेट्रोचं एअरपोर्ट स्थानक आहे आणि तिथून सीताबर्डीला थेट जाता येतं. अधिवेशनाच्या दिवसांत रस्ते बंद असतात तेव्हा तर मेट्रोच धरावी.

कोल्हापूर शहरातून, कागलहून किंवा इचलकरंजीहून निघणाऱ्याने पहिला एक तास आपल्या अंतराप्रमाणे कमी करावा. निपाणीच्या पलीकडच्या माणसाने बेळगावचा विमानतळही बघावा.

थेट विमान नसेल तर

प्रादेशिक मार्गांवर विमानं आठवड्याचे सातही दिवस असतीलच असं नाही, आणि वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं: मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी, ऑक्टोबरच्या अखेरीस हिवाळी. नोव्हेंबरचा प्रवास सप्टेंबरमधल्या वेळा पाहून ठरवू नका.

ज्या दिवशी थेट विमान नाही, त्या दिवशी जोडविमान. मुंबईमार्गे ३०९ अधिक ६८३ म्हणजे ९९२ किलोमीटर. हैदराबादमार्गे ४४५ अधिक ४३३ म्हणजे ८७८. नकाशावर हैदराबाद आडवाटेला वाटतं, पण अंतराने तोच मार्ग बराच जवळचा पडतो. तरीही निवड अंतरावर करू नका, मधल्या थांब्यावर करा. दोन ब्लॉक टाइम आणि थांबा यांची बेरीज करा, आणि दोन्ही विमानं एकाच तिकिटावर आहेत का ते बघा. एकाच तिकिटावर असतील तर पहिलं विमान उशिरा आल्यास पुढची सोय लावणं कंपनीकडे येतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर सगळा धोका तुमचा, मग किमान तीन तासांचा थांबा ठेवा.

मुंबईत पहिलं आणि दुसरं टर्मिनल वेगवेगळ्या रस्त्यांवर आहेत. आणि आता पहिलं विमान जुन्या विमानतळावर उतरणार, दुसरं नवी मुंबईहून सुटणार, असंही होऊ शकतं. तसं असेल तर मध्ये पूर्ण महानगर पार करायचं आहे. असं तिकीट स्वस्त दिसलं तरी घेऊ नये, हे माझं ठाम मत.

परदेशातून येणाऱ्यांसाठी एक गोष्ट. भारतभर घड्याळ एकच असल्याने देशात सुटण्या-पोचण्याच्या वेळांची सरळ वजाबाकी चालते. दुबई-शारजाहचं घड्याळ मात्र आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. तिकडून येताना वजाबाकीतून दीड तास कमी करा, जाताना तेवढाच वाढवा.

हे आकडे पैशांनाही लागू होतात

अंतर आणि ब्लॉक टाइम माहीत असण्याचा फायदा नियोजनापुरताच नाही. २०१६ साली आलेल्या उडान या प्रादेशिक विमानप्रवासाच्या सरकारी योजनेत राखीव आसनांच्या भाड्याची कमाल मर्यादा मार्गाच्या लांबीवर ठरवली गेली: सुरुवातीला तासाभराच्या, साधारण ५०० किलोमीटरच्या प्रवासाला २,५०० रुपये. योजनेत मार्गाच्या लांबीवरही मर्यादा होती. २०२३ च्या पाचव्या टप्प्यात ६०० किलोमीटरची अट काढून टाकली गेली, आणि आपल्या ७०२ किलोमीटरच्या मार्गासारख्या लांब मार्गांना वाट मोकळी झाली. महाराष्ट्राच्या दोन टोकांना जोडायचं तर ती अट जायलाच हवी होती. उलट, मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात केंद्राने देशभरातल्या भाड्यांना जे सात टप्पे लावले होते, ते अंतरावर नव्हते, प्रवासाच्या वेळेवर होते.

आजही लागू असलेली बाब म्हणजे विमान रद्द झाल्यावरची भरपाई. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत ती ब्लॉक टाइमप्रमाणे आहे: एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांत जे कमी असेल ते. कंपनीने वेळेत कळवलेलं नसावं आणि कारण हवामान किंवा हवाई नियंत्रणासारखं तिच्या हाताबाहेरचं नसावं, ही अट. कोल्हापूर-नागपूर जेटने जा की एटीआरने, दोन्ही वेळा तुम्ही मधल्या टप्प्यात येता. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या विमानाला दोन तास किंवा त्याहून जास्त उशीर होणार असेल तर विमानतळावर हजर प्रवाशांना खाणंपिणं देणं कंपनीवर बंधनकारक आहे. महाराष्ट्रातला प्रत्येक अंतर्गत मार्ग या अडीच तासांत बसतो, तेव्हा काउंटरवर हे निःसंकोच मागा. भरपाईचा अर्ज करताना तिकिटावरच्या सुटण्या-पोचण्याच्या वेळा आणि कंपनीकडून आलेला संदेश जोडा. संदेश किती वाजता आला ते दिसेल असा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा.